धोट्याचा मुका

हिल्डा ऑर्मरॉडला ऐकू कमी यायचं, पण तिच्यापासून काही लपवायचं असेल तर आवाज खाली आणून उपयोग नव्हता. पाठच फिरवावी लागे. विलायतेतल्या थॉर्नडेन गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तसं पाहिलं तर गावातल्या निम्म्या बायकांना ऐकू कमीच यायचं, कारण त्या विणकर होत्या. विणखात्यात तीनशे माग एकदम सुरू झाले की शेजारणीच्या कानाशी बोंब मारली तरी तिला पत्ता लागायचा नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलायच्या. ओठ ताणायचे, जबडा हलवायचा, भुवया कपाळात न्यायच्या आणि एकेक शब्द चेहऱ्यावर मांडायचा. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याचे सगळे प्रताप सांगायची आणि हात मात्र कामावरून हलायचा नाही.

मधल्या बायकांसाठी एक नियम होता. बोलणं आपल्यासाठी नसेल तर पाठ फिरवायची. पाठ फिरवली म्हणजे पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही म्हणजे कुठं बोलायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण बायबलातल्या दहा आज्ञांपेक्षा तो जास्त इमानानं पाळला जायचा.

हिल्डा तेराव्या वर्षी टेकडीवरच्या गिरणीत लागली. पुढं तिला स्वतःचे चार माग मिळाले. विणकाम करणाऱ्या बाईला स्वतःचे चार माग म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नाही. मग एकोणीसशे सदतीस साली तिला खोकला लागला, वजन उतरलं, आणि एका सकाळी रुमालावर लाल डाग पडला. क्षय. दीड वर्ष ती डोंगरावरच्या सॅनेटोरियमच्या उघड्या व्हरांड्यात खाटेवर पडून होती. पांघरुणावर बर्फ पडायचं, नर्स ते झाडूनं झटकायची आणि म्हणायची, “हवा छान आहे आज!”

भेटीची परवानगी महिन्यातून एकदाच. पण कुंपणापलीकडं उभं राहायला कुणाची ना नव्हती, आणि फिलिस टॅटर्सॉल दर रविवारी तिथं उभी असायची. फिलिस म्हणजे शेजारच्या मागांवरची तिची मैत्रीण. उंच, हाडापेरानं मोठी, आणि तोंडाची अशी की विणखात्यावर देखरेख करणारा जॉबरसुद्धा तिच्या वाटेला जाताना आधी इकडंतिकडं बघायचा. कुंपणाबाहेर पावसात उभी राहून ती हिल्डाला ओठांनी सगळं गाव सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, बेकरीवाल्याच्या पावात काय सापडलं. व्हरांड्यावरच्या बाकीच्या बायका हेव्यानं बघत राहायच्या. हिल्डा औषधानं बरी झाली नाही, कारण तेव्हा औषधच नव्हतं. ती फिलिसमुळं बरी झाली असं तिचं स्वतःचं मत होतं.

परत आल्यावर गिरणीनं तिला गोड बोलून दारातूनच निरोप दिला. तिचे माग कधीच दुसरीकडं गेले होते. दोन वर्षं तिनं चर्चची फरशी पुसली.

एक्केचाळीस साली घटसर्पाची लस आली. पोरांना ती टोचून घ्या म्हणून घरोघर सांगायला नगरपालिकेच्या आरोग्य कचेरीनं शहरातून एक शिकलेली मुलगी आणली होती. तिला एकही दार उघडेना. हिल्डा तेव्हा छाती तपासून घ्यायला कचेरीत बसली होती. काचेपलीकडं आरोग्य अधिकारी डॉक्टर कर्शॉ कारकुनाला म्हणत होते, “या गावच्या लोकांना झालंय तरी काय?” डॉक्टर काही विणकर नव्हते, तेव्हा पाठ फिरवायचा प्रश्न नव्हता. हिल्डानं दार ढकललं.

“लोकांना काही झालेलं नाही, डॉक्टर. हातमोजे घालून पुढच्या दारावर टकटक करणारं माणूस आमच्याकडं एक तर वसुलीला येतं, नाहीतर कुणी मेल्याचं सांगायला. मागच्या दारानं जा म्हणावं तिला.”

“तुम्हाला इतक्या लांबून ऐकू कसं आलं?”

“आलं नाही. दिसलं.”

डॉक्टर कर्शॉ माणूस किरकोळ अंगाचा, पण डोकं ठिकाणावर असलेला. त्यांनी सोमवारपासून तिला कामावर घेतलं.

तेव्हापासून हिल्डा गावाचा अर्धा दवाखाना झाली. लाकडी तळाचे बूट खटखटवत ती मागच्या दारानं शिरायची, चहा प्यायची, आणि निघताना टोचणीची तारीख ठरवून जायची. शाळेच्या पटांगणात पोरांनी टोचणी चुकवायला कोळसा टाकायच्या भोकातून पळून जायचा बेत आखला, तर ती आधीच त्या भोकाशी उभी. संसर्गानं पसरणाऱ्या तांबड्या तापाच्या घरातून ग्रंथालयाची पुस्तकं जप्त करून जाळायचं कामही तिच्याकडंच होतं. कचेरीचा नियम होता, पुस्तक तत्काळ ताब्यात घ्यावे. हिल्डा दारात उभी राहून आजाऱ्याला विचारायची, “कुठवर आलंय?” आणि खुनी कोण हे शेवटच्या पानावरून वाचून दाखवायची, मगच पुस्तक पिशवीत टाकायची. गोष्ट अर्धवट ठेवून माणूस बरा कसा होणार, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते रागावले, आणि मग स्वतः आजारी पडल्यावर त्यांनीही तेच करून घेतलं.

पन्नास सालच्या मे महिन्यात छातीचे फोटो काढणारी गाडी थॉर्नडेनला आली. बाजारचौकात ती सोमवार ते शुक्रवार उभी राहणार होती. पुन्हा आली तर तीन वर्षांनी. क्षयावर आता औषधं निघाली होती, इंजेक्शनं होती. लवकर सापडलं तर माणूस सहा-सात महिन्यांत घरी येत होता. हिल्डा हे सांगत सांगत दारोदार फिरली. गावानं यायचं कबूल केलं, पण आपल्या पद्धतीनं. कपडे धुवायचा वार सोमवार. त्या आठवड्यात मात्र रोज गल्लीगल्लीत दोऱ्यांवर बायकांच्या बनियनी वाळत होत्या. फोटोत फुप्फुस कसंही निघो, बनियन मळकी निघता कामा नये.

त्याच महिन्यात डॉक्टरांच्या डोक्यात दुसरी एक गोष्ट शिरली होती. मागाच्या धोट्यात, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. विणकर बाया धोटा ओठांना लावून दोरा तोंडानं ओढून घेत. गावात याला धोट्याचा मुका म्हणत. दिवसाला चारपाचशे मुके. माग एकीचा दुसरीकडं गेला की धोटेही जात, पुसायची पद्धत नव्हती. यातून क्षय पसरतो की नाही हे पक्कं कुणी सांगू शकत नव्हतं, पण डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी बारीक पोलादी हूक करून घेतले आणि वाटायला हिल्डाकडं दिले.

त्या हुकांची गावानं जी गत केली ती विचारू नका. कुणी त्यानं कुलपं साफ केली, कुणी चिलमी, कुणी गोगलगायीच्या शिंपल्यातलं मांस काढून खाल्लं. फक्त धोट्याला तेवढा कुणी लावला नाही. हूक वापरायचा तो शिकाऊ पोरींनी. खऱ्या विणकरीणीचा दोरा एका श्वासात यायला हवा, नाहीतर तिनं मागाजवळ उभंच राहू नये. आणि या चेष्टेत सगळ्यांत पुढं कोण, तर फिलिस.

जेवणाच्या सुट्टीत ती हूक केसांत खोवून उभी राहिली. “बघा गं! सरकारनं मला केसांचा आकडा पाठवलाय. आता नवरापण पाठवतील.”

“फिलिस, एकदा वापरून तर बघ,” हिल्डा म्हणाली.

“मी? मी हूक लावला तर दोरा लाजून आत जाईल.”

सगळी खोली हसली. हिल्डाही हसली. मग फिलिसला खोकला आला, आणि तो थांबायला जरा जास्तच वेळ लागला. हिल्डाचं हसू तिथंच थांबलं.

सोमवारी फिलिस गाडीकडं फिरकली नाही. केस धुतले होते म्हणे. मंगळवारी बहिणीकडं जायचं होतं. बुधवारी हिल्डानं तिला चौकात गाठलं, तर म्हणाली, “माझ्या छातीचा फोटो काढायची एवढी हौस होती तर तिशीत विचारायचं होतं! आता काय बघणार?” आणि ढांगा टाकत निघून गेली.

त्याच बुधवारी हिल्डाला ते दिसलं. बाजारात माशाच्या गाड्याजवळ फिलिस बहिणीशी बोलत होती. आवाजात नव्हे, ओठांत. आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून. चौकापलीकडून हिल्डाची नजर तिच्यावर गेली आणि पाठ फिरवायच्या आत दोन वाक्यं झाली होती.

“काल सकाळी मोरीत रक्त पडलं. थोडंसंच.”

हिल्डानं पाठ फिरवली, पण उशीर झाला होता. समोर कोबी होते. तिनं तीन कोबी विकत घेतले. घरी ती एकटी राहत होती.

गुरुवारी गिरणी सुटल्यावर ती फिलिसच्या घरी गेली. फिलिस गुडघ्यांवर बसून दाराची पायरी पिवळ्या रंगाच्या दगडानं घासत होती. जिची पायरी पिवळीधमक नाही तिच्याकडं गल्लीत कुणी साखर मागायलाही जात नसे.

“घासून घासून पातळ होईल ती,” हिल्डा म्हणाली.

“होऊ दे. तुझ्यासारख्या बुटक्यांना चढायला बरी.”

“उद्या शेवटचा दिवस आहे, फिलिस.”

“कशाचा? जगाचा?”

“बाजारात मी पाठ फिरवायला उशीर केला.”

दगड थांबला. फिलिसनं वर पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं हिल्डाकडं असं कधी बघितलं नव्हतं.

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“विणकर होतीस ना गं तू? का सरकारी झालीस तेव्हा तेही पुसून टाकलंस?”

“शिव्या नंतर दे. औषध आहे आता. मला होतं तसं नाही राहिलं. सहा महिने...”

“आणि सहा महिने माझे माग कोण चालवणार? तुझं भूत?” फिलिस उठून उभी राहिली. “तुझे माग कुणाला मिळाले, सांग ना. मला मिळाले. तू त्या डोंगरावर पोचली नव्हतीस तोवर जॉबरनं मागांच्या पाटीवर माझं नाव घातलं. तू परत आलीस, दारात उभी राहिलीस, मी दिले का तुला? नाही दिले. कुणी देत नाही, हिल्डा. मी नाही दिले तर मला कोण देईल?”

ती आत गेली. दार लागलं. ओली पायरी ओलांडून तिच्यामागं आत जायची हिल्डाची हिंमत झाली नाही.

हिल्डाला मागांचा राग कधीच नव्हता. तिला दुसरंच काही खात होतं, आणि ते तिनं तेरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. ते चार माग फिलिसकडं गेले तेव्हा त्यांचे धोटेही गेले. आजारी पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हिल्डानं ज्या धोट्यांना तोंड लावलं, त्यांना दुसऱ्या दिवशी फिलिसनं लावलं असणार. तिनं एकदा आडून आडून डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. त्यातलं ‘नाही’ हिल्डाच्या लक्षात राहिलंच नाही. पावसात उभी राहून जिनं आपल्याला जगवलं तिला आपणच मरण दिलं, हे मनात घेऊन ती रात्रभर तळमळली. तीन कोबी स्वयंपाकघरात तसेच पडून होते.

शुक्रवारी तीन वाजता ती टेकडी चढली. गाडी पाचला निघणार होती. विणखात्याच्या दाराशी जॉबर सेथ हॅलिवेल उभा होता. पोट मोठं, मन त्याहून थोडं मोठं.

“कामाच्या वेळेत बाहेरच्यांना आत नाही, हिल्डा.”

“मी बाहेरची?”

सेथनं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि बाजूला झाला.

दार उघडताच आवाज अंगावर आला. तेरा वर्षांनी. तीनशे माग, तेलाचा वास, हवेत तरंगणारा कापसाचा भुगा. हिल्डा मधल्या वाटेच्या टोकाला तेलाच्या पेटीवर चढली, म्हणजे सगळ्यांना दिसावी. फिलिस दुसऱ्या टोकाला होती. तिनं हिल्डाला पाहिलं आणि मान वळवली. पण विणखात्यात मान वळवून किती वेळ राहणार? चार माग चारी बाजूंना असतात. ती वळली तेव्हा हिल्डा बोलायला लागली. ओठ ताणून, जबडा हलवून, प्रत्येक शब्द थाळीएवढा.

“फिलिस. ते धोटे माझे होते. माझं तोंड लागलेले. तुला हे झालं असेल तर माझ्यापासून झालं. तेरा वर्षं मी हे गिळून बसलेय. तू माग दिले नाहीस म्हणतेस. मी तुला काय दिलं ते बघ. आता तू खाली आली नाहीस तर मी या पेटीवरून उतरणार नाही. गाडी गेली तरी नाही.”

खरं तर साऱ्या बायकांनी आता पाठ फिरवायला हवी होती. त्या दिवशी एकीनंही फिरवली नाही. थॉर्नडेनच्या विणखात्यात असं ना आधी झालं ना नंतर. मागांवर हात चालू होते आणि साठ-सत्तर चेहरे कधी हिल्डाकडं, कधी फिलिसकडं वळत होते. हिल्डा रडत होती. ओठांची भाषा रडताना फार अवघड जाते, अक्षरं वेडीवाकडी होतात, पण सगळ्यांनी ती वाचली.

फिलिसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिच्या डावीकडची बाई तिच्या मागाजवळ आली आणि एक माग आपल्या हाताखाली घेतला. उजवीकडच्या बाईनं दुसरा घेतला. समोरच्या दोघींनी उरलेले दोन. म्हाताऱ्या क्लारानं, जी साठाव्या वर्षीही चार माग हाकायची, सेथकडं वळून ओठ एवढे मोठे केले की आंधळ्यालाही वाचता यावं.

“पाटीवर तिचंच नाव राहील. पुसलंस तर आम्ही पण पुसू.”

काय पुसणार ते तिनं सांगितलं नाही. सेथनं विचारलं नाही. तो फक्त मान डोलवत राहिला.

फिलिसनं एप्रन सोडला, त्याची घडी केली, आणि मधल्या वाटेनं चालत आली. पेटीजवळ आल्यावर तिनं हिल्डाला दंडाला धरून खाली उतरवलं.

“चल. नाहीतर तू इथंच पूर आणशील.”

गाडीत शिरणारी ती त्या दिवसाची शेवटून दुसरी बाई. बनियन धुतलेली नव्हती, याचं तिला पुढं बरेच दिवस वाईट वाटलं.

डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला छोटा ठिपका सापडला. डॉक्टर कर्शॉनी मोठा फोटो काढून खात्री केली आणि चष्मा पुसत सांगितलं, “अजून दोन वर्षं घालवली असती तर मी आज वेगळं बोललो असतो. आता फक्त एवढंच म्हणतो की इंजेक्शनं दुखतात.” कुणाकडून आला असेल, हे फिलिसनं विचारलं नाही. हिल्डाच्या तोंडाशी आलं होतं, पण डॉक्टरांचं ‘हो नाही’ पुन्हा ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

जुलैतल्या पहिल्या रविवारी हिल्डा त्याच कुंपणाशी जाऊन उभी राहिली. या वेळी बाहेरच्या बाजूला. ऊन पडलं होतं. वरच्या व्हरांड्यावर खाटांची रांग, आणि तिसऱ्या खाटेवर फिलिस, उशांना टेकून बसलेली, गालांवर थोडा रंग. हिल्डानं गाव सांगायला सुरुवात केली. क्लारा मागांवर डोळे ठेवून आहे. पाटीवर नाव आहे, सेथ रोज त्यावरची धूळ पुसतो. बेकरीवाल्याच्या पावात पुन्हा काहीतरी सापडलं.

फिलिसनं हात वर करून तिला थांबवलं.

“ऐक. तुझ्या धोट्यांबद्दल.”

हिल्डा कुंपणाच्या आणखी जवळ सरकली.

“मी त्यांना कधी तोंड लावलं नाही,” फिलिसचे ओठ म्हणाले. “एकदाही नाही.”

“काय?”

“कुणाच्याच धोट्याला लावलं नाही, तुझ्या म्हणून नाही. मला किळस यायची. पहिल्या दिवसापासून.” तिनं गाऊनच्या खिशातून काहीतरी काढलं आणि उन्हात धरलं. बारीक, वाकडं, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. हूक होता. डॉक्टरांनी वाटलेला नव्हे. घरच्या विणकामाच्या सुईचा, पोरीच्या वयात कधीतरी कापून घेतलेला. “एप्रनच्या खिशात. मान खाली घातली, धोटा तोंडाशी नेला, आणि हुकानं दोरा ओढला. तीस वर्षं कुणाला कळलं नाही.”

हिल्डा कुंपणाला धरून उभी राहिली. तेरा वर्षं. कुंपणाची काटेरी फांदी हातात रुतत होती, पण तिला सोडवेना.

“मग त्या दिवशी सांगायचं नाही का? मी पेटीवर उभी राहून मरत होते!”

“सगळ्या खात्यासमोर? फिलिस टॅटर्सॉल शिकाऊ पोरीसारखा हूक वापरते म्हणून?” फिलिसच्या भुवया कपाळात गेल्या. “त्यापेक्षा क्षय परवडला. आणि सांगितलं असतं तर तू पेटीवरून उतरली असतीस, आणि मग माझ्यासारख्या बाईला गाडीत कोण घालणार होतं?”

हिल्डा हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि रडताना पुन्हा हसू. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि फिलिसला विचारू लागली काय झालं, कोण गेलं.

“हे गावात कुणाला सांगशील तर बघ,” फिलिसचे ओठ म्हणाले. “आत्ताच पाठ फिरव. फिरव म्हणते ना!”

हिल्डा विणकर होती. तिनं मुकाट्यानं पाठ फिरवली आणि डोंगराखालच्या गिरणीच्या धुराड्याकडं तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिनं काही पाहिलंच नाही. पण खांदे काही केल्या थांबत नव्हते, आणि ते वरून फिलिसला अगदी स्वच्छ वाचता येत होते.